कुपींतला मृत्यु

रहस्यकादंबऱ्या आवडीनें वाचणाऱ्यांना एक कुपी फार परिचयाची आहे. ती कांचेची असते, तिचें तोंड पक्कें बंद केलेलें असतें आणि आंत चमचाभरहि नसेल इतका द्रव असतो. ती एका सरकारी प्रयोगशाळेंतून नाहींशी झालेली आहे, आणि ज्यानें ती पळविली त्याच्या हातून ती खालीं पडून फुटली तर एक सबंध शहर चार दिवसांत ओस पडणार आहे, एवढें पहिल्या दोन प्रकरणांत सांगून झालें कीं वाचकाच्या हातून पुस्तक सुटत नाहीं. ॲलिस्टर मॅक्लीन या स्कॉटिश कादंबरीकारानें इयन स्टुअर्ट हें टोपणनांव घेऊन १९६२ सालीं ‘द सेटन बग’ नांवाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिनें या कुपीला जगभर कीर्ति मिळवून दिली. विल्टशायर परगण्यांतली एक गुप्त प्रयोगशाळा, तेथें तयार झालेला एक सर्वसंहारक विषाणु, एका शास्त्रज्ञाचा खून आणि कुपीची चोरी, असें तिचें कथानक आहे. १९६५ सालीं तिच्यावर बोलपटहि निघाला. चोर कोण आणि त्याचा खरा हेतु कोणता हें मी येथें सांगत नाहीं. ज्यांनीं ती वाचली नसेल त्यांच्या एका रात्रीच्या जागरणाचा आनंद हिरावून घेण्याचा मला अधिकार नाहीं.

अशा कादंबऱ्यांना हंसणारे पुष्कळ विद्वान् आहेत. मी त्यांच्यांतला नव्हे. भीतीला एक बुद्धि असते, आणि लेखक कोणत्या गोष्टीची भीति घालतो यावरून त्या काळाचें मन कळतें. परंतु या कादंबऱ्यांत एक गोष्ट नेहमीं गृहीत धरलेली असते. ती अशी कीं, मृत्यु कुलपाआड असतो, आणि त्याच्यापर्यंत पोंचावयाचें तर तारांचीं कुंपणें तोडावीं लागतात, पहारेकऱ्यांना ठार करावें लागतें, निदान तिजोरीच्या किल्ल्यांची नक्कल तरी करावी लागते. आज जी हकीकत मला सांगावयाची आहे तींत यांपैकीं कांहींच नाहीं. ती कादंबरी नाहीं. ती खरोखर घडली, न्यायालयांत सिद्ध झाली, आणि तिचा अर्धा भाग आपल्या मुंबईंत घडला.

१९३३ सालच्या नोव्हेंबर महिन्याची २६ तारीख. वेळ दुपारची. कलकत्त्याजवळच्या हावडा स्टेशनावर नेहमींप्रमाणें गर्दी होती. पाकुडच्या जमीनदार घराण्यांतला अमरेंद्रचंद्र पांडे नांवाचा वीस वर्षांचा तरुण आपल्या आप्तांसह गांवीं जाण्यासाठीं गाडीकडे निघाला होता. पाकुड हें तेव्हांच्या संताळ परगण्यांतलें, आजच्या झारखंड राज्यांतलें गांव. गर्दींतून खादीचे कपडे घातलेला एक ठेंगणा मनुष्य त्याला घांसून गेला आणि दिसेनासा झाला. त्याच क्षणीं अमरेंद्राच्या उजव्या दंडाला कांहीं तरी टोंचलें. मला कोणी तरी टोंचलें, असें तो बरोबरच्या मंडळींना म्हणाला. मंडळी घाबरलीं. गांवीं न जातां येथेंच थांबून रक्त तपासून घ्यावें असा आग्रह त्यांनीं धरला. परंतु अमरेंद्राचा सावत्र भाऊ विनयेंद्र, जो त्याच्याहून सुमारें दहा वर्षांनीं वडील होता आणि ज्याला कोणीं बोलाविलें नसतांहि तो स्टेशनावर हजर झाला होता, त्यानें ही गोष्ट हंसण्यावारी नेली. एवढ्याशा टोंचण्यानें काय होतें, असा त्याचा सूर होता. वडील भावाचा शब्द म्हणून म्हणा किंवा तारुण्याची बेफिकिरी म्हणून म्हणा, अमरेंद्र गाडींत बसला.

तीन दिवसांनीं तो ताप घेऊन कलकत्त्यास परत आला. डॉक्टरांनीं दंड पाहिला तेव्हां तेथें पिचकारीच्या सुईसारखी खूण दिसली. ताप चढत गेला, काखेंत सूज आली, पुढें छातीचीं लक्षणें दिसूं लागलीं. ३ डिसेंबरच्या रात्रीं त्याची शुद्ध हरपली आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे तो वारला. मृत्यूचें कारण म्हणून न्युमोनिया लिहिला गेला. प्रेत दहन झालें. येथें कोणतीहि सामान्य दुःखकथा संपली असती, आणि ती तशी संपावी अशीच कोणाची तरी योजना होती.

परंतु मरणापूर्वीं त्याचें रक्त काढून प्रयोगशाळेकडे पाठविलेलें होतें. त्याचा निकाल तो गेल्यानंतर आला, आणि त्यांत प्लेगचे जंतु सांपडले.

या एका ओळीचा अर्थ आज सहजीं ध्यानांत येणार नाहीं, म्हणून थोडें मागें गेलें पाहिजे. १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उद्भवला आणि तेथून तो सबंध हिंदुस्थानभर पसरला. पुढच्या वीस-बावीस वर्षांत त्यानें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. त्या काळानें मराठी भाषेंत कांहीं शब्द कायमचे ठेवून दिले आहेत. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द ऐकले कीं गांवें रिकामीं होत, लोक रानांत झोंपड्या घालून राहत, आणि घराघरांतून काखेंत किंवा जांघेंत ‘गांठ’ आली कीं काय हें हात लावून पाहिलें जाई. आपल्या आज्या-पणज्यांनीं पाहिलेल्या या गोष्टीचें कारण विज्ञानाला त्या वेळीं नुकतेंच कळूं लागलें होतें. १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें येर्सिन या संशोधकानें प्लेगचा जंतु ओळखला. १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ यानें कराचींत दाखवून दिलें कीं, मेलेल्या उंदराच्या अंगावरून उठलेली पिसू माणसाला चावते आणि रोग आणते. पिसू जेथें चावते तेथून जवळची गांठ सुजते. पायाला चावली तर जांघेंतली, हाताला चावली तर काखेंतली. म्हणजे प्लेग कोठून शिरला याची साक्ष शरीर स्वतःच देतें. अमरेंद्राच्या काखेंतल्या सुजेनें ती दिली होती, पण ती ऐकणाऱ्यांना प्लेगची शंकाच येण्याचें कारण नव्हतें. कारण त्यापूर्वींचीं तीन वर्षें कलकत्त्यांत प्लेगचा एकहि रोगी झालेला नव्हता.

मग हा एकच रोगी, एका जमीनदाराच्या घरांत, दंडाला सुई टोंचल्यानंतर तीन दिवसांनीं, कोठून आला?

वडिलांच्या मृत्यूनंतर दोघां भावांत इस्टेटीवरून उभा दावा होता. इस्टेट मोठी होती. कोळशाच्या आणि दगडाच्या खाणींसाठीं ती प्रसिद्ध होती. अमरेंद्र वयांत आला कीं निम्म्या मालमत्तेचा धनी होणार, हें विनयेंद्राला दिसत होतें. आदल्या वर्षीं, १९३२ सालीं, एक विचित्र प्रकार घडला होता. थंड हवेच्या ठिकाणीं फिरावयास गेले असतां विनयेंद्रानें धाकट्या भावाच्या नाकावर एक चष्मा इतका घट्ट दाबून बसविला कीं कातडी फाटली. त्यानंतर थोड्याच दिवसांत अमरेंद्राला धनुर्वात झाला. प्रतिविषाची लस वेळेवर मिळाली म्हणून तो त्या खेपेस वांचला. चष्म्याला जंतु लावलेले होते असा संशय पुढें बोलून दाखविण्यांत आला. तो खरा असेल तर या मनुष्याला जंतूंची वाट तेव्हांच सांपडली होती, फक्त जंतु अधिक खात्रीचा हवा होता.

येथें या कथेंतलें दुसरें पात्र येतें. तारानाथ भट्टाचार्य हा विनयेंद्राचा मित्र. तो डॉक्टर होता आणि जंतुशास्त्राची त्याला माहिती होती. प्लेगचे जिवंत जंतु त्या वेळीं हिंदुस्थानांत एकाच संस्थेंत जतन करून ठेवीत, ती म्हणजे मुंबईची हाफकिन संस्था. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधली ही संस्था आपल्यापैकीं पुष्कळांनीं बाहेरून तरी पाहिली असेल. वाल्डेमार हाफकिन यानें १८९७ सालच्या जानेवारींत प्लेगची लस पहिल्यानें स्वतःला टोंचून घेतली, आणि मग लक्षावधि लोकांना ती मिळाली. लस करावयाची तर जंतु पाळावे लागतात. ज्या कुपींतून प्राण वांचविणारें औषध निघतें, तीच कुपी दुसऱ्या हातांत पडली तर काय होईल, हा प्रश्न त्या संस्थेच्या चालकांना माहीत नव्हता असें नाहीं. १९३२ च्या मे महिन्यांत भट्टाचार्यानें जंतूंची मागणी केली, तेव्हां संचालकांनीं सरळ नकार दिला. बंगालच्या सर्जन-जनरलची परवानगी आणल्याशिवाय जंतु मिळणार नाहींत, असें त्यांनीं कळविलें.

एखादा सामान्य गुन्हेगार येथें थांबला असता. भट्टाचार्यानें त्याच महिन्यांत कलकत्त्याच्या एका डॉक्टरला गांठलें आणि सांगितलें कीं, प्लेगवर आपल्याला एक औषध सांपडलें आहे, तें जंतूंवर तपासून पाहावयाचें आहे. त्या डॉक्टरनें त्याला आपल्या प्रयोगशाळेंत काम करूं दिलें. मुंबईहून आलेल्या जंतूंना मात्र स्वतः हात लावूं दिला नाहीं. शिवाय ते जंतु तेथें वाढलेच नाहींत, आणि काम बंद पडलें. पुढच्या वर्षीं भट्टाचार्यानें त्याच डॉक्टरचें मन वळवून हाफकिन संस्थेच्या संचालकांना पुन्हां पत्र लिहविलें. त्या उन्हाळ्यांत विनयेंद्र स्वतः मुंबईस आला. दोघांनीं संस्थेंतल्या दोन पशुवैद्यांना पैसे देऊन जंतु बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. आपण खरे संशोधक आहोंत असें भासावें म्हणून विनयेंद्रानें बाजारांत जाऊन उंदीरहि विकत आणले. (त्या उंदरांच्या दुकानाची पावती त्याला पुढें किती महागांत पडली तें आपण पाहणार आहोंत.) तेथें डाळ शिजेना, तेव्हां ते आर्थर रोडच्या सांथीच्या रोगांच्या इस्पितळाकडे वळले. तेथेंहि प्लेगचे जंतु होते. माझ्या डॉक्टर मित्राला आपल्या औषधाचे प्रयोग करूं द्यावे, अशी विनंति विनयेंद्रानें केली आणि ती मान्य झाली. भट्टाचार्य तेथें सुमारें पांच दिवस गेला. त्यानें कांहीं प्रयोग केला असा पुरावा नाहीं. १२ जुलै १९३३ च्या संध्याकाळीं त्यानें अकस्मात् आपलें काम गुंडाळलें आणि दोघे कलकत्त्यास निघून गेले.

कादंबरीकारानें हा भाग लिहिला असता तर आपण त्याला नांवें ठेविलीं असतीं. इतकें का सोपें असतें, असें आपण म्हटलें असतें. एकहि कुलूप फोडावें लागलें नाहीं. एक पत्र, एक शिफारस, शास्त्राबद्दलचा आदर, आणि रोग्यांचें भलें करूं पाहणाऱ्या मनुष्याला मदत करण्याची डॉक्टरांची सहज वृत्ति, एवढीं चार साधनें पुरलीं. प्लेगवर औषध शोधतों असें म्हणणाऱ्याला १९३३ सालीं कोणता सज्जन डॉक्टर दार लावील? त्या वेळीं प्लेगवर खात्रीचें औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिन निघावयास अजून दहा वर्षें अवकाश होता. म्हणून मला त्या इस्पितळाच्या अधिकाऱ्यांना दोष द्यावासा वाटत नाहीं. परंतु ज्या संचालकानें वर्षभरापूर्वीं कागदावर बोट ठेवून नकार दिला, आणि जो त्या दिवशीं अनेकांना रुक्ष व अडवणूक करणारा वाटला असेल, त्याचा नकार किती योग्य होता हें सांगितलेंच पाहिजे.

१९३४ च्या फेब्रुवारींत पोलिसांनीं दोघांना पकडलें. त्यांच्याबरोबर आणखी दोन डॉक्टरांवरहि खटला झाला. तपास करणाऱ्यांनीं कोणतीहि अद्भुत युक्ति केली नाहीं. त्यांनीं कागद गोळा केले. प्रवासाचीं कागदपत्रें, मुंबईच्या हॉटेलांतलीं बिलें, हॉटेलच्या वहींतलें विनयेंद्राचें हस्ताक्षर, प्रयोगशाळेला लिहिलेलीं पत्रें, आणि उंदीर विकणाऱ्या दुकानाची ती पावती. संशोधक असल्याचा भास निर्माण करण्यासाठीं जें जें केलें त्या प्रत्येकाचा पुरावा झाला. खटला नऊ महिने चालला. बचावाच्या बाजूनें सांगण्यांत आलें कीं, अमरेंद्राला प्लेगचीच पिसू चावली असली पाहिजे. प्लेग हा निसर्गाचा रोग आहे, त्यासाठीं कटाची काय गरज? हाच या गुन्ह्याचा खरा पाया होता. बंदुकीची गोळी आपली साक्ष मागें ठेवते. जंतु मात्र दैवाच्या नांवावर जमा होतो. पण तीन वर्षें प्लेग नसलेलें शहर, सुईची खूण, आणि मुंबईचे ते पांच दिवस, हीं एकत्र आल्यावर न्यायाधीशांना दैवावर भार टाकतां येईना. आर्थर रोडच्या इस्पितळांतून जंतु चोरले गेले आणि ते २६ नोव्हेंबरपर्यंत जिवंत ठेवतां येणें शक्य होतें, असा निष्कर्ष निघाला. विनयेंद्र व भट्टाचार्य यांना फांशीची शिक्षा झाली. १९३६ च्या जानेवारींत कलकत्ता हायकोर्टानें ती बदलून जन्मठेप काळें पाणी केली. इतर दोघे डॉक्टर पुराव्याअभावीं सुटले. गुन्ह्यांच्या इतिहासांत असा खटला बहुधा एकमेव असावा, अशा अर्थाचा शेरा न्यायमूर्तींनीं मारला आहे.

खादीचे कपडे घातलेला तो ठेंगणा मनुष्य कधींच सांपडला नाहीं. आपल्या हातांतल्या सुईवर काय आहे हें त्याला तरी ठाऊक होतें कीं नाहीं, हेंहि कळलें नाहीं. तें ठाऊक असतें तर त्यानें ती हातीं धरली असती का? कारण ज्यांनीं हा कट केला त्यांनीं एका गोष्टीचा विचार केलेला दिसत नाहीं. प्लेग फुफ्फुसांत उतरला कीं त्याला पिसवेची गरज राहत नाहीं. रोग्याच्या खोकल्यांतून तो जवळच्या माणसाला होतो. अमरेंद्राच्या छातींत लक्षणें दिसूं लागलीं तेव्हां त्याच्या उशाशीं बसलेला प्रत्येक मनुष्य, त्याला तपासणारा प्रत्येक डॉक्टर, आणि त्यांच्या पलीकडे कलकत्त्याची दाट वस्ती, एका भावाच्या इस्टेटीसाठीं पणाला लागलेली होती.

व्यक्तीनें जें केलें तें राष्ट्रांनींहि करून पाहिलें आहे. १९४० च्या ऑक्टोबरांत जपानी सैन्यानें चीनमधल्या निंगबो शहरावर विमानांतून प्लेगच्या पिसवा टाकल्या. असलीं शस्त्रें युद्धांत न वापरण्याचा करार १९२५ सालीं जिनीव्हांत झालेला होता. तीं बाळगूंच नयेत असा करार १९७२ सालीं झाला, आणि त्याच्यावर सही केलेल्या सोव्हिएट रशियानें तो पुढें वर्षानुवर्षें गुप्तपणें मोडला. याचा सविस्तर इतिहास हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

आतांपर्यंत मीं जंतु हा शब्द वापरला, आणि कादंबरींतल्या कुपींत विषाणु असतो. हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. प्लेगचा जंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून थोडासा मोठा असतो. तो साध्या सूक्ष्मदर्शकांतून दिसतो, आणि अन्न दिलें तर बशींतसुद्धां वाढतो. तो स्वतंत्र जीव आहे. विषाणूचें तसें नाहीं. तंबाखूच्या पानांवर डाग पाडणाऱ्या एका रोगाचा शोध घेतांना, ज्या गाळणींतून कोणताहि जंतु जाऊं शकत नाहीं तींतून गाळलेला रसहि रोग उत्पन्न करतो, हें १८९२ सालीं इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाला आढळलें. १९३५ सालीं स्टॅन्ली या अमेरिकन शास्त्रज्ञानें त्याच रोगाच्या विषाणूचे मिठासारखे स्फटिक केले, तेव्हां याला जीव म्हणावें कीं पदार्थ, असा प्रश्न विद्वानांना पडला. बाटलींत तो निपचित असतो. जिवंत पेशींत शिरला कीं मात्र त्या पेशीचा कारखाना आपल्या ताब्यांत घेतो आणि आपल्याच प्रती काढून घेतो. म्हणजे विषाणूला घर लागतें, आणि तें घर आपण असतों.

यांतूनच कादंबरींतल्या सर्वसंहारक विषाणूची अडचण उत्पन्न होते. जें घर आपण शिरल्याबरोबर जाळतों, त्यांतून दुसऱ्या घराकडे जावयास वेळ मिळत नाहीं. ही केवळ तर्काची गोष्ट राहिली नाहीं. विषाणु शस्त्र म्हणून मुद्दाम सोडून त्याचें काय होतें तें वर्षानुवर्षें मोजण्याची संधि विज्ञानाला एकदां मिळाली. शत्रु होता ससा. गेल्याच्या गेल्या शतकांत युरोपांतून ऑस्ट्रेलियांत नेलेल्या सशांनीं तेथलीं कुरणें फस्त केलीं होतीं. दक्षिण अमेरिकेंतल्या रानटी सशांना एका विषाणूमुळें नुसती लहानशी गांठ येते. तोच युरोपी सशाला झाला तर तो मरतो. १९५० सालीं ऑस्ट्रेलियांत हा विषाणु सोडण्यांत आला. प्रारंभीं काम होईना. मग पावसानें नद्यांना पूर आला, डांस माजले, आणि त्यांनीं तो विषाणु शेंकडों मैल वाहून नेला. प्रथम शंभरांत नव्व्याण्णवांहून अधिक ससे मेले. मेंढपाळ खूष झाले. परंतु थोड्याच वर्षांत फ्रँक फेनर या शास्त्रज्ञाला दिसून आलें कीं, रानांत आतां सांपडणारा विषाणु पूर्वीचा राहिलेला नाहीं. जो प्रकार सशाला अधिक दिवस जगूं देतो त्याला डांस अधिक दिवस भेटतात, म्हणून तोच पसरला. आणि जे ससे वांचले त्यांचीं पिलें अधिक चिवट निघालीं. शस्त्र बोथट झालें, आणि शत्रूनें चिलखत चढविलें. ससे आजहि ऑस्ट्रेलियांत आहेत.

याच प्रकरणांतली एक हकीकत कोणत्याहि कादंबरींत शोभेल. सशांचा रोग पसरत असतांनाच १९५१ सालीं मरे नदीच्या भागांत माणसांत मेंदूच्या दाहाची सांथ आली, आणि हा त्या विषाणूचाच प्रताप असा लोकांचा समज झाला. तो वेगळाच रोग आहे हें सांगून पटेना. तेव्हां फेनर, बर्नेट आणि क्लूनीज रॉस या तिघां शास्त्रज्ञांनीं सशांना मारणारा तो विषाणु स्वतःला टोंचून घेतला. त्यांना कांहीं झालें नाहीं, आणि ओरड थांबली. हाफकिनची आठवण येथें कोणाला होणार नाहीं?

दुसरी हकीकत इतकी उदात्त नाहीं. फ्रान्समधल्या मायबुआ या ठिकाणीं आर्माँ-दलील नांवाचे एक वृद्ध, नामांकित डॉक्टर राहत. त्यांच्या वाडीला सभोंवार उंच भिंत होती आणि आंत सशांचा सुळसुळाट होता. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या एका प्रयोगशाळेंतून त्यांनीं हा विषाणु मागवून घेतला, आणि १९५२ च्या जूनमध्यें दोन सशांना टोंचून त्यांना सोडून दिलें. आपली भिंत आहे, बाहेर कांहीं जाणार नाहीं, असा त्यांचा हिशेब. दोन-अडीच वर्षांत फ्रान्समधले बहुतेक रानससे मेले. रोग शेजारच्या देशांत शिरला आणि १९५३ सालीं इंग्लंडांत जाऊन पोंचला. शिकारी त्यांच्यावर खवळले, त्यांना न्यायालयांत खेंचून पांच हजार फ्रँक दंड करविला. शेतकरी आणि वनखातें मात्र खूष झालें, आणि १९५६ सालीं त्यांना सुवर्णपदक देण्यांत आलें. दोन सशांनीं एक खंड ओलांडला, तो कोणाच्याहि दुष्ट बुद्धीवांचून. पाकुडच्या भावानें एक मनुष्य मारण्यासाठीं दीड वर्ष खटपट केली. या सज्जन गृहस्थांना एका पत्रानें जें मिळालें त्यानें कोट्यवधि प्राणी गेले.

म्हणून मला कादंबरींतल्या वेड्या खलपुरुषापेक्षां भिंतीवर विश्वास ठेवणाऱ्या शहाण्या माणसाचें भय अधिक वाटतें. माणसाच्या रोगांत याचें उदाहरण देवीचें आहे. निसर्गांतला देवीचा शेवटचा रोगी १९७७ च्या ऑक्टोबरांत सोमालियांत झाला. पृथ्वीवरून देवी गेली असें वाटत असतांनाच, १९७८ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांतल्या बर्मिंगहॅमच्या वैद्यक महाविद्यालयांत छायाचित्रें घेण्याचें काम करणारी एक स्त्री देवीनें आजारी पडली. तिच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूंची प्रयोगशाळा होती. ११ सप्टेंबरला ती वारली. ती आजारी असतांनाच त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखानें आत्महत्या केली. विषाणु वर कसा पोंचला याचा सर्वांना मान्य असा उलगडा झाला नाहीं. १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देवी नाहींशी झाल्याची घोषणा केली. तें सिद्ध करणाऱ्या समितीचे अध्यक्ष, सशांचा विषाणु स्वतःला टोंचून घेणारे तेच फेनर होते.

त्यानंतर देशोदेशींच्या प्रयोगशाळांनीं आपापल्या कुप्या नष्ट केल्या किंवा पाठवून दिल्या, आणि आज त्या केवळ दोन ठिकाणीं ठेवलेल्या आहेत. एक अमेरिकेंत अटलांटाला, दुसरें रशियांत सैबीरियांतल्या कोल्त्सोव्होला. हिशेब पुरा झाला होता. मग २०१४ च्या जुलै महिन्यांत वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील एका सरकारी प्रयोगशाळेची हलवाहलव चालली असतां, शीतगृहांत एक पुठ्ठ्याचें खोकें सांपडलें. त्यांत देवीच्या विषाणूच्या सहा कुप्या होत्या. खोक्यांतल्या वस्तूंवर १९५० च्या सुमाराच्या तारखा होत्या. साठ वर्षें ती वस्तु तेथें पडून होती. तेथून जाणाऱ्या-येणाऱ्या शेंकडों माणसांपैकीं कोणालाहि तिची कल्पना नव्हती, आणि ती कोणीं चोरलीहि नव्हती. कुप्या बंदोबस्तानें अटलांटाला नेण्यांत आल्या. तपासल्या तेव्हां दोहोंतला विषाणु अजून जिवंत होता. पुढच्या फेब्रुवारींत, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत, त्या नष्ट करण्यांत आल्या.